शहाणपणाचा दाखला

शिवमूर्तीचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता, आणि ह्या गोष्टीचा त्याला अभिमान होता. खताची पिशवी तो शिवण तपासून घ्यायचा. मळणीयंत्रातून सोयाबीन पडायला लागलं की पाणी प्यायलासुद्धा जागचा हलायचा नाही. बायको माहेरी फोनवर बोलायला लागली की ह्याच्या हातातलं काम आपोआप मंदावायचं. तो पारावर येऊन बसला की चाललेली गोष्ट अर्ध्यात थांबायची, आणि मग ती का थांबली ह्याचाही त्याला संशय यायचा.

ह्याला अपवाद एकच, अंगद डॉक्टर. हा माणूस मूळचा मुदखेडकडचा. बावीस वर्षांपूर्वी गावात आला, शाळेसमोरच्या दोन खोल्यांत दवाखाना टाकला आणि इथलाच होऊन गेला. शिवमूर्तीची आई गंगम्मा अंथरुणाला खिळली तेव्हा ती जाईपर्यंत रोज सकाळी घरी येऊन बघून जायचा. शिवमूर्तीची बायको अयोध्या बाळंतपणात अडली तेव्हा लातूरपर्यंत जीपमध्ये तिच्या उशाशी तोच बसला होता. वडिलांची, अप्पांची, बीपीची गोळीही त्याच्याच हातची. "डाक्टर म्हणजे आमच्या घरातला माणूस," असं शिवमूर्ती सांगायचा. घरातला माणूस म्हणजे आपल्या बाजूचा माणूस, एवढंच त्याला कळत होतं.

यंदा त्यानं जमिनीच्या रजिस्ट्रीचं मनावर घेतलं. घरणी नदीच्या अंगाला सहा एकर जमीन होती. ती वडिलोपार्जित नव्हती. चंद्रअप्पांनी, म्हणजे शिवमूर्तीच्या वडिलांनी, लोकांच्या विहिरी खांदून, सालगडी म्हणून सालं घालून ती तुकड्या-तुकड्यानं घेतलेली. सातबारा त्यांच्याच नावावर. शिवमूर्ती सोळाव्या वर्षापासून ह्या मातीत राबत होता आणि आता पन्नाशीला टेकला होता. त्याच्या पायाच्या भेगांत ही माती कायमची जाऊन बसली होती, पण कागदावर त्याचं नाव कुठंही नव्हतं. अप्पा एकोणऐंशीचे झाले. उद्या त्यांचं काही बरंवाईट झालं तर अर्धी जमीन बहिणीकडं जाणार, ह्या विचारानं त्याला जेवण गोड लागत नव्हतं.

इकडं बहिणी हक्कसोड करतात. तालुक्याला जायचं, कागदावर सही करायची, भावानं लुगडं नेसवायचं, भावजयीनं पुरण घालायचं आणि बहिणीनं डोळे पुसत माघारी जायचं, अशी रीतच पडली आहे. शिवमूर्तीनं पंचमीला लुगडं आणून ठेवलं होतं. पण थोरली बहीण राजकन्या अहमदपुराहून आली आणि लुगड्याला हातही न लावता म्हणाली, "अप्पा म्हणतील तवा करते सही. तू म्हणतूस म्हणून न्हाई."

हे बोलणं शिवमूर्तीनं तिचं धरलंच नाही. तिचा नवरा बजरंग मार्केट यार्डात मुकादम होता, त्यानंच ते पढवून पाठवलं असणार, ह्याबद्दल त्याला शंका नव्हती.

सोयाबीन कापणीला आलं तेव्हा शिरूर अनंतपाळला रजिस्ट्रीचे कागद लिहिणाऱ्या व्यंकटीनं त्याला दुसरी वाट दाखवली. "बहिणीची सही लागतच न्हाई. जिमीन बापानं कमावलेली हाय ना? मंग बापानं तुला बक्षीसपत्र करून द्यायचं. पण म्हातारं माणूस हाय. उद्या मेहुणा कोर्टात गेला आन् म्हणला, बाप भ्रमिष्ट होता, तर? डाक्टरचा दाखला जोड. शाणा हाय, शुद्धीवर हाय, असा. मंग कुणाच्या बापाचं काय चालत न्हाई."

"त्यो तर घरातलाच माणूस हाय," शिवमूर्ती म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं अप्पांची तयारी करून घ्यायला सुरुवात केली. कापणी चालू होती. आभाळ रोज दुपारी भरून यायचं आणि मजूर मिळत नव्हते, म्हणून नवरा-बायकोच वाकून पाती धरत होती. वाळलेल्या शेंगांची टोकं बोटांत घुसत होती. अयोध्यानं हाताला जुने पायमोजे चढवले होते. अप्पा आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या पत्र्याच्या खोपटाजवळ बसून कापलेल्या सोयाबीनच्या कवळ्या नीट रचून गंजी लावत होते. गुडघे गेले होते, हात मात्र अजून चालत होते. पात संपवून गंजीपाशी आलं की शिवमूर्ती विचारायचा.

"अप्पा, आज वार कोणता?"

"कापायचा."

"मस्करी करू नगा. डाक्टर इचारील. वार कोणता?"

"बुधवार. उद्या बेस्तरवार. परवा शिरूरचा बाजार. आजूक काय?"

"गट नंबर?"

"एकशे बेचाळीस. मोजणीला साखळी म्याच धरली होती. तू तवा पाळण्यात होतास."

"लेकरं किती?"

अप्पांचे हात थांबले. "दोन."

"नावं?"

"राजकन्या आन् शिवमूर्ती."

"आधी माझं घ्या."

"थोरली ती हाय," अप्पा म्हणाले आणि पुढची कवळी उचलली.

अयोध्या कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मामांला काय मॅट्रिकला बसवून राहिलाव का? पाऊस यायलाय, इळा चालवा."

शनिवारी शिवमूर्ती अप्पांना मोटारसायकलवर मधे बसवून, मागून अयोध्याला धरायला लावून दवाखान्यात घेऊन गेला. बाकावर चार-पाच जण होते. डॉक्टरांनी अप्पांना आत घेतलं आणि शिवमूर्तीही आत घुसला तेव्हा म्हणाले, "तुम्ही बाहेर बसा."

"म्या? म्या पोरगा हाव."

"म्हणूनच बाहेर बसा."

दार आतून लावलं गेलं. एवढ्या वर्षांत ह्या दवाखान्याचं दार शिवमूर्तीवर कधी लागलं नव्हतं. तो आधी बाकावर बसला, मग उठून खिडकीखाली गेला, मग लघवीला जाण्याच्या निमित्तानं मागच्या बाजूला गेला. आतून फक्त पंख्याचा आवाज येत होता. मधेच अप्पांचा आवाज चढला आणि पुन्हा खाली गेला. अर्ध्या तासानं दार उघडलं. अप्पांचे डोळे ओले होते. ते भिंतीवरचं लसीकरणाचं चित्र बघत उभे राहिले.

"हा दाखला मी देत नाही," डॉक्टर म्हणाले. "गोळी थोडी बदलून दिलीय. ती रात्रीऐवजी सकाळी घ्यायची."

"का? अप्पाचं डोस्कं फिरलंय का?"

"नाही."

"मंग शाणे हायत?"

डॉक्टरांनी गोळ्यांची पट्टी त्याच्या हातात दिली.

"शाणे हायत तर शाणे म्हणून लिवा की. तुमच्या बापाचं काय जातंय?" हे तोंडातून गेल्यावर शिवमूर्तीला जरा कसंसंच झालं, पण तो थांबला नाही. "का अप्पानं आत उत्तरं चुकवली? लेकरं किती म्हणले?"

"अप्पा आत काय म्हणाले ते अप्पांचं. दाखलाही अप्पांचा. त्यांनी स्वतः मागितला तर तपासून पाच मिनिटांत लिहीन. तुम्ही मागून मिळणार नाही."

"अप्पा, मागा की!"

अप्पांनी चित्रावरची नजर काढली नाही. "मला मुतायला जायचंय," ते म्हणाले.

घरी येऊन शिवमूर्तीनं अप्पांना दहा वेळा विचारलं, आत काय बोलणं झालं. अप्पा म्हणायचे, "छातीला नळी लावली." बस्स, एवढंच. अर्धा तास काय नळीच लावत होता का हा माणूस? शिवमूर्तीला रात्री झोप येईना, आणि दिवसा विळा चालवताना त्याच्या डोक्यात त्या बंद दाराशिवाय दुसरं काही नव्हतं. मंगळवारी खताच्या दुकानात त्याला कुणीतरी सहज सांगितलं की अंगद डॉक्टर मागच्या आठवड्यात अहमदपूरच्या स्टँडवर दिसले होते, तुझ्या मेहुण्याबरोबर चहा पीत होते.

मग काय राहिलं? शिवमूर्तीला सगळं लख्ख दिसायला लागलं. डॉक्टरची पोरगी अहमदपूरच्या शाळेत होती म्हणून तो आठवड्याला तिकडं जातो, हे सगळ्या गावाला माहीत होतं. पण शिवमूर्तीला आता ती शाळाही खरी वाटेना.

तो तसाच दवाखान्यात गेला. पायांना चिखल, डोक्याला घामाचं फडकं. बाकावर बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या. डॉक्टर एका पोराचा घसा बघत होते.

"डाक्टर, माझ्या मेव्हण्याचा च्या गोड होता का?"

डॉक्टरांनी पोराच्या तोंडातला चमचा काढला. "बसा, शिवमूर्ती. नंबर आला की बोलू."

"बसायला न्हाई आलो. बावीस वर्सं आमच्या घरचं खाल्लाव. सणाला पुरणपोळी, सुगीला हुरडा, समदं अयोध्यानं हातानं आणून दिलं. आन् राजकन्या अक्कानं काय दिलं की फिरलाव? सांगा ना सगळ्यांसमोर. का म्हून दाखला देईनात, ते सांगा!"

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. डॉक्टरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एक वाक्य बोलले असते तर बाकावरच्या बायांनी शिवमूर्तीलाच हाकललं असतं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि पोराच्या आईला म्हणाले, "सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यानं गुळण्या. थंड काही देऊ नका."

"बघा," शिवमूर्ती बायांना म्हणाला, "जबान न्हाई त्याला."

त्या दिवसापासून गावात कुजबुज सुरू झाली. डॉक्टर मिंधा झालाय, असं काही जण म्हणायला लागले, आणि ज्यांना एरवी शिवमूर्तीचा शब्द खरा वाटत नसे त्यांनाही हे ऐकायला बरं वाटलं. डॉक्टर दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला दवाखाना उघडून बसले.

दाखला मिळायचा तो मिळालाच. व्यंकटीनं तालुक्यात स्टँडमागचा एक डॉक्टर सांगितला. शिवमूर्ती एकटाच गेला. त्या डॉक्टरनं पेशंट कुठाय असं विचारलंदेखील नाही. नाव, वय, अंगावरची खूण विचारली, फोटो चिकटवला आणि 'मी सदर इसमास समक्ष तपासले' असं लिहून शिक्का मारला. शिवमूर्ती कागद हातात घेऊन बाहेर आला तेव्हा त्याला आनंद व्हायला हवा होता. पण न बघता शिक्का मारणारा हा माणूस उद्या बजरंगलाही असाच कागद देईल, असं मनात आलं आणि त्याचं तोंड कडू झालं.

सोमवारी तो अप्पांना रजिस्ट्रीला घेऊन गेला. अप्पांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, कपाळाला विभूती लावली होती आणि पटका स्वतः आरशात बघून बांधला होता. रस्त्यानं सगळं नीट बोलत होते. कुणाच्या रानात पाणी साचलंय, कुणी अजून कापणी धरली नाही, हे रिक्षातून दाखवत होते. शिवमूर्तीनं मनात म्हटलं, आज काम होतंय.

ऑफिसात गर्दी होती. नंबर आला. टेबलामागं मॅडम होत्या. त्यांनी कागद चाळले, दाखला बघितला आणि चष्म्यावरून अप्पांकडं पाहिलं. "बाबा, तुमचं नाव सांगा."

अप्पांनी शिवमूर्तीकडं बघितलं. मग मॅडमकडं. मग हळूच डोक्यावरचा पटका काढला आणि टेबलावर कागदांवर ठेवला. आयुष्यात चारचौघांत कधी उघड्या डोक्यानं न बसलेल्या त्या माणसाचं पांढरं टक्कल सगळ्यांना दिसलं.

"गंगम्मा," अप्पा मॅडमला म्हणाले, "तू हितं कवा आलीस? भाकर आणलीस का?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"बाबा, जमीन कुणाला देताय? स्वखुशीनं देताय ना?"

"म्हैस सुटलीय गं. धर जा. का नुसती बसून राहिलीस?" असं म्हणून अप्पा धोतराचा सोगा सोडायला लागले. शिवमूर्तीनं त्यांचे हात धरले. हसणं आता सगळ्या खोलीत पसरलं होतं. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पटका उचलून शिवमूर्तीच्या हातात दिला. "आज होणार नाही. बाबांना घरी न्या. आणि हा दाखला कोणी दिलाय, त्याला एकदा विचारा."

शिवमूर्तीनं कागद गोळा केले. शरमेनं त्याच्या अंगाची आग होत होती. घरी आल्यावर अयोध्यानं पाणी दिलं तर अप्पांनी तिला विचारलं, "तू कुणाची गं?" ती तांब्या तिथंच ठेवून चुलीपुढं जाऊन रडली. तिच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती, आणि ह्या सासऱ्यानं तिला एकदाही वाकडा शब्द लावला नव्हता.

शिवमूर्ती विचार करत बसला. सकाळी धडधाकट असलेला माणूस दुपारी भ्रमिष्ट कसा होतो? आणि मग त्याला गोळी आठवली. बदललेली गोळी! त्यानं फळीवरची गोळ्यांची पट्टी खिशात घातली आणि दवाखान्याकडं निघाला.

"ही काय चारलीस माझ्या बापाला?" त्यानं पट्टी टेबलावर आपटली. ह्या वेळेला अहो-जाहोही उरलं नव्हतं. "दाखला दिला न्हाईस तर न्हाई, डोस्कंच फिरवलंस त्याचं?"

डॉक्टरांनी पट्टी उचलून मोजली, काय झालं ते नीट विचारलं. शिवमूर्तीनं सांगितलं. पटक्याची गोष्ट ऐकताना डॉक्टर एकदम उठून उभे राहिले. "आत्ता घरी आहेत का? पडले-बिडले नाहीत ना? तोंड वाकडं झालंय का? बोलताना जीभ अडखळते का?" बाकावरच्यांना थांबायला सांगून त्यांनी पिशवी घेतली आणि स्कूटर काढली. शिवमूर्तीला मागं बस म्हणाले. ज्याला आत्ता शिव्या दिल्या त्याच्याच मागं बसून गावातून जाणं शिवमूर्तीला जड गेलं, पण बसावं लागलं.

घरी डॉक्टरांनी पुन्हा दार लावून घेतलं. ह्या वेळेला पंधरा मिनिटांतच बाहेर आले. तोंडावर मघाची घाई नव्हती.

"पक्षाघात वगैरे काही नाही. बीपी ठीक आहे. गोळी तीच चालू ठेवा, तिच्यानं असलं काही होत नाही. शंका असेल तर लातूरला मोठ्या डॉक्टरांना दाखवा, मी चिठ्ठी देतो."

"मंग हे काय हाय? काय झालंय अप्पाला?"

"अप्पांना विचारा."

"येड्या माणसाला इचारू?"

डॉक्टरांनी पिशवी उचलली. "चिडून विचारू नका. शेजारी बसून विचारा. ह्याहून जास्त मी बोलणं बरोबर नाही." आणि ते गेले. अयोध्यानं चहा टाकला होता, तो तसाच उकळत राहिला.

शिवमूर्तीनं शेजारी बसून विचारलं नाही. बापाच्या शेजारी बसण्याची त्याला सवयच नव्हती. तो विळा घेऊन शेतात गेला.

पुढचे तीन दिवस अप्पा आखाड्यावर बाजेवर गप्प बसून राहायचे. गावभर झालं होतं. रस्त्यानं जाणारे मुद्दाम वळून बघायचे. "चंद्रअप्पा, वळखलं का?" असं एकानं तर मोठ्यानं ओरडून विचारलं, बहिऱ्याला विचारावं तसं. अप्पांनी त्याच्याकडं बघून नुसती मान हलवली. आता गावाचं बोलणंही उलटलं होतं. डॉक्टरला आधीच कळलं होतं, म्हातारा कामातून गेलाय, म्हणून दाखला दिला नाही, मोठा हुशार माणूस, असं लोक म्हणत होते.

गुरुवारी नवरा-बायको नदीकडच्या टोकाला कापत असताना सरकन पाऊस आला. गंजी उघडी होती. दोघं धावत, घसरत आखाड्यावर पोचली तर गंजीवर ताडपत्री पसरलेली, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवलेले. अप्पा बाजेवर पांघरूण घेऊन बसले होते.

"कुणी झाकली?" शिवमूर्तीनं विचारलं.

अप्पा आभाळाकडं बघत राहिले.

शिवमूर्तीनं बांधापलीकडं पाहिलं. शेजाऱ्यानं झाकली असेल तर का झाकली? त्याचा काय डाव? तो गंजीभोवती फिरून कुठून कवळ्या गेल्यात का ते बघायला लागला. अयोध्या मात्र बाजेपाशीच उभी होती. अप्पांच्या धोतराला गुडघ्यापर्यंत ताजा चिखल होता. तिनं तो पाहिला, नवऱ्याकडं पाहिलं आणि काही न बोलता पदर पिळला. संध्याकाळी तिनं अहमदपूरला नणंदेला फोन लावला. नवरा समोर असताना लावला, लपून नाही.

शुक्रवारी दुपारी राजकन्या थेट शेतात आली. रस्त्यापासून चिखल तुडवत आल्यानं तिच्या चपला हातात होत्या. ती अप्पांच्या आधी शिवमूर्तीकडं वळली.

"किती तरास दिलास रे त्यांला? कागद, कागद, कागद. येडं केलास माझ्या बापाला!"

"म्या? तुझ्या नवऱ्यानं डाक्टरला फितवलं म्हणून हे झालं."

"फितवलं?" राजकन्या हसली, पण ते हसणं रडण्यासारखंच होतं. "त्यांनी स्टँडवर गाठलं होतं डाक्टरला. अप्पाचं डोस्कं ठिकाणावर न्हाई, असं लिवून द्या, म्हणजे शिवमूर्तीचं बक्षीसपत्र टिकायचं न्हाई, असं म्हणले. डाक्टर च्या अर्धा टाकून उठला. आम्ही म्हणलो, शिवमूर्तीनं आधीच धरलाय वाटतं त्याला."

शिवमूर्तीच्या हातातला विळा तसाच राहिला. दोन्हीकडून एकाच माणसावर एकच आळ.

राजकन्या बाजेपाशी गेली आणि अप्पांच्या पुढ्यात खाली बसली. "अप्पा. म्या आलेय. वळखलंत का मला?"

अप्पांनी तिच्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांची नजर तिच्या डोक्यावरून मागं उभ्या असलेल्या शिवमूर्तीकडं गेली आणि तिथंच ठरली.

"कोण गं बाई तू?" ते म्हणाले. "कोणत्या गावची?"

राजकन्येनं तोंडात पदर कोंबला. आवाज आला नाही, नुसते खांदे हलत होते. केस पांढरे झालेली पंचावन्न वर्षांची बाई होती ती, पण त्या घडीला हरवलेल्या पोरीसारखी दिसत होती. आणि अप्पांच्या डोळ्यांतून पाणी गालांवर, तिथून दाढीच्या खुंटांत उतरत होतं. पण ते शिवमूर्तीवरची नजर काढत नव्हते.

आयुष्यभर ज्यानं सगळ्यांवर संशय घेतला त्याला हे एवढं साधं कधी दिसलं नव्हतं. आता दिसलं. अप्पा शाणे होते. रजिस्ट्रीत शाणे होते, ताडपत्री टाकताना शाणे होते, आत्ता पोटच्या पोरीला कोण गं तू म्हणतानाही शाणेच होते. माझ्यापायी हा माणूस स्वतःच्या लेकीला ओळख देईना.

"अप्पा, बास करा," तो म्हणाला. "न्हाई करायची रजिस्ट्री. तुमच्यामागं काय व्हायचं ते होऊ द्या. पण अक्काला वळखा."

अप्पा हलले नाहीत. "दस्त कुठाय?"

संशय घेणं शिवमूर्तीनं आणलं कुठून, हे अयोध्याला तेव्हा कळलं.

बक्षीसपत्राचा दस्त मोटारसायकलच्या डिकीत होता; घरात ठेवायचा त्याला भरवसा वाटला नव्हता. शिवमूर्तीनं तो आणला, स्टँडमागच्या डॉक्टरचा दाखलाही आणला. अप्पांनी हातानं खूण केली, तसं त्यानं दोन्ही त्यांच्यादेखत फाडले. जाड कागद एका हिसक्यात फाटला नाही. गुडघ्याला लावून फाडावा लागला. तेव्हा कुठं अप्पांनी राजकन्येच्या डोक्यावर हात ठेवला. बोलले मात्र शिवमूर्तीशीच.

"जिमीन तुला दिली तर ही माहेरला मुकती. हिला दिली तर तू मरतूस. म्या काय करू? डाक्टरच्या पाया पडलो त्या दिवशी. म्हणलो, मला येडं म्हणून लिवून दे, म्हणजे मला कुणी इचारणार न्हाई. त्यो म्हणला, अप्पा, तुम्ही शाणे हाव, मला खोटं लिवता येत न्हाई. पण तुमची मर्जी नसंल तर शाणे म्हणूनबी लिवून देणार न्हाई." त्यांनी पटक्याच्या टोकानं नाक पुसलं. "मंग मलाच येडं व्हावं लागलं."

"आन् म्या त्यांला बायांसमोर एवढं बोललो," शिवमूर्ती म्हणाला. "गोळीवरूनबी बोललो. एका शबदानं सांगितलं न्हाई त्यांनी."

"कसा सांगील? म्या शपथ घातली होती, कुणाला सांगू नगंस म्हणून."

"मलाबी न्हाई?"

"तुलाच न्हाई," अप्पा म्हणाले.

शिवमूर्ती मटकन बाजेच्या कडेला बसला. बापाच्या इतक्या जवळ तो कितीतरी वर्षांनी बसला होता. काय करावं हे न कळून तो हातातले शेंगांचे काटे उपटत राहिला. अयोध्या पाण्याचा तांब्या भरून घेऊन आली.

अप्पांनी लेकीचं तोंड दोन्ही हातांनी वर केलं. "राजकन्या," ते म्हणाले, "कोणत्या गाडीनं आलीस गं बाई? जेवलीस का?"